कोऱ्या कडेचा वॉशिंग्टन डॉलर: एका नाण्याची तपासणी

समोर सोनेरी रंगाचा एक डॉलर आहे. दर्शनी बाजूला जॉर्ज वॉशिंग्टन, मागे स्वातंत्र्यदेवीचा पुतळा. नाण्यावर साल कुठेच नाही, टाकसाळीचे अक्षरही नाही. कडेवरून बोट फिरवले तर काहीच लागत नाही. देणाऱ्याचा दावा असा की, हा २००७ सालचा गाजलेला ‘कोऱ्या कडेचा’ डॉलर आहे. हा दावा तपासायचा कसा, कोणत्या क्रमाने तपासायचा आणि शेवटी नोंदीत नेमके काय लिहायचे, एवढ्यापुरते हे प्रकरण आहे.

सुरुवातीला दोन शब्द पक्के करून घेऊ, कारण त्यांची गल्लत झाली की पुढचे सगळे वर्णन फसते. नाण्याच्या दोन्ही तोंडांवर बाहेरच्या बाजूने जी उंच गोल पट्टी असते ती ‘काठ’. नाणे उभे धरल्यावर दिसणारी जाडीची बाजू म्हणजे ‘कड’. या डॉलरची जाडी २ मिलिमीटर आणि व्यास २६.४९ मिलिमीटर आहे, म्हणजे कडेची पूर्ण लांबी ८३.२ मिलिमीटर भरते. सगळा निकाल या ८३ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर रुंद पट्टीवर लागायचा आहे.

राष्ट्राध्यक्षांच्या डॉलरांची मालिका अमेरिकेत २००५ च्या कायद्याने ठरली आणि पहिले नाणे, वॉशिंग्टनचे, १५ फेब्रुवारी २००७ रोजी चलनात आले. दोन्ही तोंडांवर मोठ्या चित्रांना जागा मिळावी म्हणून बराचसा मजकूर कडेवर हलवला गेला: ‘ई प्लुरिबस युनम’ हे लॅटिन ब्रीद, ‘इन गॉड वी ट्रस्ट’, साल आणि टाकसाळीचे अक्षर. फिलाडेल्फियासाठी ‘पी’, डेन्व्हरसाठी ‘डी’. नाणी बाहेर पडल्यावर काही आठवड्यांतच कोऱ्या कडेची नाणी सापडू लागली. मार्चच्या सुरुवातीला टाकसाळीने जाहीर कबुली दिली की, फिलाडेल्फियातून काही नाणी कडेवरचा मजकूर न उमटताच बाहेर गेली आहेत. मात्र संख्या सांगितली नाही. पीसीजीएस या प्रमाणन संस्थेच्या रॉन गुथ यांनी तेव्हा अंदाज दिला तो ५० हजारांच्या आसपासचा. पहिले नाणे ६०० डॉलरला विकले गेले आणि भाव लगेच ४० ते ६० डॉलरवर स्थिरावला. कडेवरचे देवाचे वाक्य गायब असल्यामुळे वर्तमानपत्रांनी त्याला ‘देव नसलेला डॉलर’ असे नाव दिले आणि त्याची कीर्ती नाणेसंग्राहकांच्या पलीकडे गेली. एक डॉलर घासून पन्नास डॉलर होतात असे दिसल्यावर घासणारे हातही तयार झाले.

या तपासणीची खरी अडचण इथे आहे. बहुतेक चुकांमध्ये नाण्यावर काहीतरी जास्तीचे असते: दुहेरी अक्षर, सरकलेली छाप, चिकटलेला धातू. ते बनवायला कौशल्य लागते. इथे पुरावा म्हणजे काहीतरी *नसणे*. ते ‘नसणे’ कानशीने पाच मिनिटांत तयार होते. त्यामुळे अक्षरे नाहीत एवढे पाहून भागत नाही. ती कधी उमटलीच नाहीत, असे कडेच्या धातूने सांगितले पाहिजे.

त्यासाठी कड तयार कशी होते हे समजून घेणे भाग आहे. पत्र्यातून चकत्या कापल्या जातात, तापवून मऊ करतात, धुतात, मग एका यंत्रात दाबून त्यांचा काठ उचलतात. नंतर छापखान्यात वरून आणि खालून दोन ठसे चकतीवर आदळतात. त्या क्षणी चकती एका पोलादी कड्यात बसलेली असते, त्याला कॉलर म्हणतात. धातू बाहेर पसरतो, कॉलरच्या भिंतीला टेकतो आणि थांबतो. चलनी डॉलरसाठी ही कॉलर आतून गुळगुळीत असते, म्हणून छापखान्यातून बाहेर पडणारे *प्रत्येक* नाणे कोऱ्या कडेचेच असते. अक्षरे त्यानंतर, वेगळ्या यंत्रावर येतात. तिथे एका बाजूला स्थिर, वक्र पोलादी पट्टी असते. तिच्यावर अक्षरे उठावाने कोरलेली असतात. फिरणारे चाक नाण्याला त्या पट्टीवर दाबून एक फेरा घरंगळवते आणि अक्षरे कडेत खोलगट उमटतात. छापखान्यातून नाणे या यंत्राकडे गेलेच नाही, थेट मोजणी आणि पिशव्यांकडे गेले, तर कोऱ्या कडेचा डॉलर तयार होतो. म्हणजे चूक छापण्यातली नाही, एक टप्पा गाळला गेल्याची आहे. खऱ्या चुकीच्या नाण्याची कड म्हणजे कॉलरमधून निघालेली, पुढे कशाचाही स्पर्श न झालेली कड. तपासणीत आपण तिचीच लक्षणे शोधतो.

आता नाण्याकडे वळू. पहिली पायरी हत्यारांची नाही, हे नाणे अक्षरे असणाऱ्या जातीचे आहे का हे बघण्याची आहे. बरेच दावे इथेच निकालात निघतात. साकागाविया या मूळ अमेरिकन स्त्रीचे चित्र असलेला सोनेरी डॉलरही चलनात आहे; २००० ते २००८ या काळातल्या साकागाविया डॉलरची कड मुळातच कोरी आहे. त्यांच्यावर साल आणि टाकसाळीचे अक्षर दर्शनी बाजूला आहे. २००९ पासून साकागावियाचे चित्र तसेच राहिले, पण मागची बाजू दर वर्षी बदलू लागली आणि साल कडेवर गेले. सोपा नियम असा: साकागावियाच्या चेहऱ्याच्या बाजूला साल दिसत असेल तर कोरी कड ही चूक नाही, साल दिसत नसेल आणि कडही कोरी असेल तर पुढे तपासायला घ्या. त्याआधीच्या, महिला हक्कांच्या नेत्या सुसान अँथनी यांच्या डॉलरच्या कडेवर तर खाचा आहेत, त्याचा इथे संबंध नाही. राष्ट्राध्यक्षांच्या मालिकेत मात्र साल कायम कडेवरच आहे. वॉशिंग्टनचे चित्र फक्त २००७ च्या नाण्यांवर आहे, म्हणून साल न दिसताही ते कळते.

न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांना हे डॉलर रेल्वेच्या तिकीट यंत्रातून सुट्टे म्हणून मिळत, आणि त्यात दोन्ही जातींची नाणी मिसळलेली असत. ‘माझ्याकडे कोऱ्या कडेचा डॉलर आहे’ असा संदेश आला की आधी दर्शनी बाजूचा फोटो मागवावा.

दुसरी पायरी: अक्षरे खरोखर नाहीत की नुसती फिकट आहेत? खोलगट अक्षरांची खोली यंत्राच्या दाबावर अवलंबून असते. दाब कमी पडला की अक्षरे फुसकी उमटतात. अंधाऱ्या खोलीत एकच एलईडी टॉर्च घ्या. प्रकाश कडेला जवळजवळ समांतर पडू द्या आणि १० पट भिंगातून पाहा. नाणे ४५ अंशांनी फिरवत आठ टप्पे करा. प्रत्येक टप्प्यात साधारण १०.४ मिलिमीटर कड दिसते. टप्पे थोडे एकमेकांवर येऊ द्या, नाहीतर दोन फोटोंच्या मध्ये नेमका ‘टी’चा उभा दांडा सुटतो. एक जरी अक्षर, अगदी अर्धे जरी, सापडले तर नाणे ‘मजकूर नसलेले’ या वर्गातून बाहेर पडते. मग ते ‘अर्धवट मजकूर’ किंवा ‘फिकट मजकूर’ ठरते. त्यांनाही संग्राहक असतात, पण किंमत वेगळी आणि कारणही वेगळे: नाणे घसरले, घरंगळताना मध्येच थांबले किंवा दाब कमी पडला.

इथे एक शंका हमखास विचारली जाते: वापरून वापरून अक्षरे झिजली असतील तर? खोलगट अक्षर झिजायला आजूबाजूची पूर्ण पातळी खाली यावी लागते. त्याआधी वॉशिंग्टनच्या गालावरची आणि केसांवरची उंच टोके सपाट झालेली असतील. समोरच्या नाण्यावर केसांच्या रेघा स्पष्ट असतील आणि कड मात्र ‘झिजलेली’ असेल, तर ते झिजणे नव्हे.

धरण्याबद्दल एक सूचना. नाणे नेहमी कडेला धरावे असे सगळीकडे शिकवले जाते. इथे कड हाच पुरावा आहे, आणि या मिश्रधातूवर घामाचा ठसा लवकर डाग धरतो. म्हणून नायट्राइलचे हातमोजे घाला, दोन बोटांत दोन समोरासमोरच्या जागी धरा आणि ते दोन बिंदू शेवटी वेगळे तपासा. कडेवर कापड घासू नका. ‘आधी जरा पुसून बघू’ म्हणून घासलेल्या खऱ्या नाण्यावर नवे ओरखडे येतात आणि मग तेच संशयास्पद दिसू लागते.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि तिच्यासाठी तुलनेचे नाणे लागते. बहुतेक जण इथे अक्षरे असलेला वॉशिंग्टन डॉलर घेतात. तोही हवाच, पण उत्तम तुलना २००० ते २००८ मधल्या साकागाविया डॉलरशी होते. धातू तोच: मध्ये तांब्याचा गाभा, दोन्ही बाजूंना मँगनीज पितळ. वजन तेच, ८.१ ग्रॅम. व्यास तोच. आणि कॉलरही गुळगुळीत. म्हणजे खऱ्या कोऱ्या कडेचा अधिकृत नमुना टाकसाळीनेच आपल्याला दिलेला आहे, तोही स्वस्तात. शक्यतो न वापरलेली तीन-चार नाणी घ्यावीत, कारण एकाच नाण्यावर निष्कर्ष काढला तर त्या नाण्याचाच दोष आपण प्रमाण मानून बसतो.

भिंगातून रेघांची दिशा पाहा. नाणे छापून झाल्यावर कॉलरमधून वर ढकलले जाते, तेव्हा कड भिंतीला घासत निघते. त्यामुळे खऱ्या कडेवरच्या बारीक रेघा उभ्या असतात, एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे जाणाऱ्या. कानस, पॉलिश पेपर किंवा लेथ वापरून अक्षरे काढली असतील तर रेघा आडव्या पडतात, कडेला समांतर. नाणे गिरमिटाला लावून फिरवले असेल तर त्या सगळ्या परिघावर सारख्याच असतात. हाताने घासले असेल तर तुकड्यातुकड्यांत, दर थोड्या अंतरावर दिशा बदलत. काहीजण शेवटी बफावर चकाकी आणतात. तेव्हा आडव्या रेघा दिसत नाहीत, पण उभ्याही दिसत नाहीत, आणि साकागावियाच्या शेजारी ती कड काचेसारखी, निर्जीव वाटते.

मग काठ आणि कड यांचा कोपरा. कॉलरमध्ये दाबलेल्या नाण्याचा कोपरा सगळीकडे सारखा असतो. घासलेल्या नाण्यात तो कुठे गोलसर, कुठे धारदार होतो. दर्शनी बाजूने काठाची रुंदीही बघा. बाहेरून धातू गेला की काठ बारीक होतो आणि हाताने घासताना तो सगळीकडे सारखा बारीक होत नाही. वॉशिंग्टनच्या नावाच्या वरचा काठ आणि खालचा काठ यांत फरक दिसला तर थांबून मोजमापाकडे वळा.

कडेच्या मध्यावरच्या तांबूस पट्ट्यावरूनही काही जण निकाल देतात. तेवढ्यावर विसंबू नये. चकती कापताना वरचा पितळी थर कडेवर ओढला जातो, त्यामुळे पट्टा प्रत्येक नाण्यात थोडा वेगळा दिसतो. मात्र तुलनेच्या नाण्यांपेक्षा पट्टा ठळक, रुंद आणि ताज्या तांब्यासारखा लाल असेल, आणि दोन्ही तोंडांवर जुनी काळपट झाक असेल, तर कड अलीकडेच उघडी पडली आहे असे समजावे.

आता मापे. ०.०१ मिलिमीटर दाखवणारे डिजिटल व्हर्नियर घ्या, जबड्यांवर पातळ प्लास्टिक फिल्म लावा आणि फिल्मसकट शून्य करा. व्यास किमान सहा दिशांनी मोजा. घासणाऱ्याने प्रत्येक बाजूने फक्त ०.१ मिलिमीटर धातू काढला असे धरा, व्यास २६.२९ वर येतो. ०.२ मिलिमीटरचा हा फरक साध्या व्हर्नियरवरही लपत नाही. वजनात काय होते? कडेवरून काढलेला धातू साधारण १६.६ घन मिलिमीटर, म्हणजे अंदाजे ०.१४ ग्रॅम. फक्त ०.०५ मिलिमीटर काढला असेल तर वजनातली घट ०.०७ ग्रॅमच्या आसपास राहते. टाकसाळीतून निघालेल्या चांगल्या नाण्यांतही वजनाचा थोडा फरक असतोच, म्हणून इतकी लहान घट एकट्याने काही सिद्ध करत नाही. सोनाराच्या ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर वजन जरूर करा, पण निर्णय व्यासाला द्या. व्यास कमी *आणि* वजनही कमी असेल तर दावा जवळजवळ संपला.

व्यास कमी, पण वजन पूर्ण असेल तर? तेव्हा धातू काढलेला नसून दाबलेला असतो. कड ठोकून किंवा रुळांमध्ये दाबून अक्षरे बुजवण्याचा हा प्रकार आहे. धातूला कुठेतरी जावे लागते. तो काठात चढतो. काठावरची जाडी २ मिलिमीटरपेक्षा जास्त भरते, काठ आतल्या बाजूला वळलेला दिसतो आणि दर्शनी बाजूच्या अक्षरांची बाहेरची टोके त्याखाली दबतात.

व्हर्नियर नसेल तर एक सोपी युक्ती. जाड काचेवर तीन नाणी उभी ठेवा, मध्ये संशयित आणि दोन बाजूंना साकागाविया, मागे आधार द्या. वरून पोलादी पट्टी टेकवा आणि मागे टॉर्च लावा. मधल्या नाण्यावर पट्टीखालून प्रकाशाची रेघ दिसली तर ते लहान आहे. नाणे थोडे थोडे फिरवून पुन्हा पाहा. हाताने घासलेले नाणे गोल राहत नाही. एका स्थितीत प्रकाश जातो, दुसऱ्या स्थितीत बंद होतो.

समजा सगळे जुळले: उभ्या रेघा, सारखा कोपरा, सगळ्या दिशांनी तुलनेच्या नाण्यांइतकाच व्यास, कुठेही अक्षराचा मागमूस नाही. दावा खरा. आता नोंदीत काय लिहायचे? इथे जाणकारही घसरतात. ‘२००७-पी’ असे सर्रास लिहिले जाते. पण ‘पी’ हे अक्षर ज्या कडेवर असायला हवे ती कडच कोरी आहे. टाकसाळीची कबुली फिलाडेल्फियाबद्दल होती, हे खरे. त्यावरून शक्यता बळावते, या एका नाण्याबद्दल पुरावा मिळत नाही. मूळ वेष्टनातला रोल किंवा पिशवी सोबत असेल, त्यातल्या बाकीच्या नाण्यांवर ‘पी’ असेल, तरच ते अक्षर लिहावे, आणि वेष्टन जपून ठेवावे. आपल्याकडच्या नाण्यांत हा पेच येत नाही. मुंबई टाकसाळीचा छोटा हिरा नाण्याच्या तोंडावरच, सालाखाली असतो, कड कशीही असली तरी तो राहतो.

तपासणीत वारंवार येणारी दुसरी चुकीची समजूत अक्षरे असलेल्या नाण्यांबद्दल आहे. चेहरा वर ठेवल्यावर कडेवरची अक्षरे उलटी दिसली की चूक सापडल्याचा आनंद होतो. कडेच्या यंत्रात नाणी कोणत्या तोंडाने जातील याचे बंधन नसते, त्यामुळे निम्मी सुलटी, निम्मी उलटी हे अपेक्षितच आहे. उलटी असतील तर संग्राहक त्याला ‘पोझिशन ए’ म्हणतात, सुलटी असतील तर ‘पोझिशन बी’. मजकूर चेहऱ्याच्या कोणत्या भागापाशी सुरू होतो हेही असेच नशिबावर असते. याला जास्त किंमत देऊ नये. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रूफ नाण्यांत, म्हणजे संग्राहकांसाठी खास छापलेल्या नाण्यांत, मात्र कडेवरचा मजकूर तीन तुकड्यांच्या कॉलरने छापतानाच उमटतो. म्हणून त्यांना चलनी नाण्यांचे नियम लावता येत नाहीत, आणि कोऱ्या कडेच्या प्रूफचे कारणही वेगळे शोधावे लागते.

वॉशिंग्टनचा हा प्रश्न ज्याने नीट सोडवला त्याला जॉन अॅडम्सचा डॉलर लगेच कळतो. तो १७ मे २००७ रोजी आला आणि त्यात उलट चूक सापडली: कडेवर मजकूर दोनदा. नाणे यंत्रातून दोनदा गेले. दुसऱ्या फेरीत ते त्याच तोंडाने गेले असेल तर दोन्ही मजकूर एकाच दिशेने वाचले जातात आणि एकमेकांवर चढतात. उलट्या तोंडाने गेले असेल तर एक सुलटा आणि दुसरा उलटा येतो. खरे-खोटे ठरवायला दोन्ही मजकूर पूर्ण वाचून काढा. दोन साले, दोन ‘पी’, दोन्हींची अक्षरे एकाच मापाची, अक्षरांमधले अंतर सारखे. दुसरा मजकूर मध्येच तुटत असेल तर दुसरी फेरी अर्धवट झाली, आणि नोंदही तशीच करावी. अंतर वाकडेतिकडे असेल, अक्षरांची खोली एकेकाची वेगळी असेल, तर एकेक अक्षर हाताने ठोकलेले असण्याची शंका घ्यावी; यंत्र सगळा मजकूर एका घरंगळण्यात उमटवते.

प्रमाणनासाठी पाठवताना कोणत्या प्रकारचे वेष्टन मिळणार ते आधी विचारा. नेहमीच्या बंद प्लास्टिकमध्ये कड झाकली जाते. पीसीजीएस आणि एनजीसी या प्रमाणन संस्थांकडे नाणे बारीक दातऱ्यांवर धरून कड दिसू देणारी वेष्टने आहेत. कडेच्या चुकीसाठी तीच मागावीत. नाणे बंद होण्याआधी कडेचे आठही फोटो, सहा दिशांचे व्यास, वजन आणि तुलनेच्या नाण्यांची मापे एकाच कागदावर लिहून ठेवा, कारण नंतर व्हर्नियर लावायला ती कड पुन्हा मोकळी मिळणार नाही.